बाळाला स्नान दिलं

आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती लोकांत चर्चला देऊळ म्हणतात. देवळाची घंटा झाली, देवळात गेले होते, देवळातून आले, असंच सगळे बोलतात. त्यामुळं लग्नानंतर अंधेरीला आले तेव्हा पहिल्याच शनिवारी मी शेजारच्या मालवणी बाईला विचारलं, की इथं देऊळ कुठंय हो, उद्या सकाळी जायचंय. तिला कोण आनंद झाला. नवीन आलेली पोर, त्यात पोटुशी, आणि आल्या आल्या देवाचं विचारते. रविवारी सकाळी ती डोक्यावरून पाणी घेऊन, ताटात जास्वंद आणि नारळ ठेवून दारात हजर. मी बायबल आणि गीतांचं पुस्तक पिशवीत घालून तिच्यामागं निघाले. गणपतीच्या देवळापाशी तिनं चपला काढल्या, मी काढल्या नाहीत, आणि दोघी एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिलो.

"अगो, ख्रिश्चन काय तू?" ती शेवटी म्हणाली. "मगे चर्च म्हणाचा ना. देऊळ काय म्हणतंस?"

कपाळ मोकळं बघून आपल्याला शंका आलीच होती, असं तिनं नंतर चाळभर सांगितलं. मला राग आला नाही. हसूच आलं. त्या वेळी मी बऱ्यापैकी हसणारी होते. ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं, नवऱ्याला अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात टर्नरची नोकरी लागली होती आणि आमची एक खोली होती, जिच्यावरून विमानं इतकी खालून जायची की फळीवरची भांडी वाजायची. गावाकडं पत्र लिहिताना मी विमानांचंच जास्त लिहायचे.

मालवणी बाईनं मला मग खरं चर्चही दाखवलं. मोठं होतं, दगडी होतं, पण कॅथलिक होतं. आम्ही प्रॉटेस्टंट. माझी आई पुतळ्यापुढं गुडघे टेकणाऱ्यांबद्दल जे बोलायची ते मी इथं लिहीत नाही. तरी मी गेले, कारण रविवारी घरात बसून राहणं मला जमत नव्हतं. सगळं इंग्रजीत चाललं होतं. लोक एकदम उभे राहायचे, एकदम खाली टेकायचे, आणि मी माझं पोट सावरत दर वेळी उशिरा. कुणी वाईट वागलं नाही. बाकावर सरकून जागा द्यायचे, मान हलवायचे. पण मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, संपली की पाच मिनिटांत अंगण रिकामं. आमच्याकडं उपासना सुटली की माणसं तासभर हलत नाहीत. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सुनेचं काय झालं, सगळं देवळाच्या पायरीवरच कळतं. इथं मी पायरीवर उभी राहिले की वॉचमन विचारायचा, कुणाची वाट बघताय. दोनदा गेले आणि सोडून दिलं.

मराठी उपासना होते ती देवळं लांब, पार शहरात, असं नवऱ्यानं विचारून ठेवलं होतं. सातवा महिना चालू होता. तो म्हणाला, बाळंत हो, मग जाऊ. तोवर घरीच प्रार्थना कर, देव काय अंधेरीत येत नाही का. मी म्हणाले, देव येतो हो, माणसं येत नाहीत.

मी दिवस भरायच्या आधीच अडले. गणपतीचे दिवस होते. सकाळी नळावर कळ आली, आणि मालवणी बाईनं मला रिक्षात घालून नन्सच्या प्रसूतिगृहात नेलं, कारण ते सगळ्यांत जवळ होतं. दुपारच्या आत मुलगी झाली.

ती रडली नाही. मी वाट बघत होते. आमच्या गावात दाराबाहेर बसलेल्या बायका मूल रडल्याशिवाय हलत नाहीत. मी विचारलं, का रडत नाही. कापसात गुंडाळलेलं काहीतरी माझ्यासमोरून दुसऱ्या खोलीत गेलं. एक पाय दिसला, माझ्या अंगठ्याएवढा. मग मी नुसतं ऐकत पडले. बाहेर मांडवातला लाऊडस्पीकर चालू होता, वरून विमान जात होतं, आणि मी त्या सगळ्याच्या खालून एक रडणं ऐकायचा प्रयत्न करत होते. ते काही आलं नाही.

तिथं एक म्हातारी सिस्टर होती, दक्षिणेकडची. तिचं मराठी पुस्तकातून शिकलेलं. जेवलात का असं न विचारता ती भोजन केलंत का म्हणून विचारायची. दुपारी कधीतरी ती माझ्या खाटेपाशी आली, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "बाळाला स्नान दिलं आहे. आता भिऊ नका."

मी ग्लानीत होते, तरी ते वाक्य मला लख्ख ऐकू आलं. स्नान. सातव्या महिन्यात आलेल्या मुलाला. आमच्याकडं असल्या मुलाला महिना महिना पाणी लावत नाहीत. तेल लावायचं, कापसात ठेवायचं, जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळून आईच्या छातीशी बांधायचं. माझी धाकटी मावशी तशीच वाढली. आणि या बाईनं तिला अंघोळ घातली. संध्याकाळी नवरा आला तो खाटेच्या लोखंडी दांडीला धरून उभा राहिला. त्याच्या तोंडाकडं बघूनच मला कळलं.

डॉक्टरीणबाईंनी त्याला समजावून सांगितलं होतं, की फुप्फुसं तयार नव्हती, कुणालाच काही करता आलं नसतं. त्यानं ते मला जसंच्या तसं सांगितलं. मी त्याला म्हणाले, तिला पाण्यानं मारलं. तो म्हणाला, अगं नाही. मी म्हणाले, ती बाई मला स्वतः सांगून गेलीय, स्नान दिलं म्हणून. त्यालाही सातमाशी मुलाला अंघोळ घालत नाहीत एवढं ठाऊक होतं.

पुढचं सगळं सिस्टरांनीच केलं. छोटी पांढरी पेटी त्यांनी दिली, त्या दगडी चर्चच्या मागच्या कबरस्तानात जागा त्यांनी मिळवली, तिथल्या फादरांनी येऊन काहीतरी इंग्रजीत वाचलं. नवरा एकटाच गेला होता, सोबत मालवणी बाईचा नवरा. घरी येऊन तो म्हणाला, फार चांगलं केलं त्यांनी, आपण परके असून. मला त्याची कीव आली. परक्याच्या मुलासाठी कुणी एवढं करतं का, मी मनात म्हणाले, हे अपराध झाकायला चाललंय.

त्यानंतरचे महिने मला सरळ आठवत नाहीत. स्वयंपाक होत होता, म्हणजे मीच करत असणार. एक गोष्ट पक्की आठवते, की मला पाणी सहन होत नव्हतं. मोरीत बसून तांब्या भरला की हात तिथंच थांबायचा. ते पाणी एवढ्याशा अंगावर पडताना दिसायचं. मी तांब्या रिकामा करून ओल्या फडक्यानं अंग पुसून उठायचे. केसांना तर हातच लावला नाही. शेवटी मालवणी बाई एका दुपारी गरम पाण्याची बादली घेऊन आत आली आणि कडी लावून घेतली.

"असा काय करतंस गो? केस बघ कशे झाले ते. बस हय," ती म्हणाली, आणि मला लहान मुलासारखं पाटावर बसवून तिनं न्हाऊ घातलं. मी पूर्ण वेळ रडत होते आणि ती पूर्ण वेळ बडबडत होती. तिच्या गावच्या बायकांच्या, तिच्या स्वतःच्या गेलेल्या दोन मुलांच्या गोष्टी. ती दर पंधरा दिवसांनी यायची. तिला मी विचारलं नव्हतं आणि थांबही म्हटलं नाही.

पण जे मला आतून खात होतं ते मी तिला सांगू शकत नव्हते. ते तिला कळलं नसतं. आमच्या गावात बाप्तिस्म्याविना गेलेलं मूल कुंपणाच्या कडेला पुरायचे. घंटा नाही, गीत नाही, पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, नाहीत. बाप खोरं घेऊन जायचा आणि बाप परत यायचा. ती जागा मला माहीत होती, लहानपणी तिथली बोरं आम्ही खायचो नाही. तिथल्या मुलांचं पुढं काय होतं, ती देवाकडं जातात की नाही, हे मी आईला एकदा विचारलं होतं आणि आईनं मला गप्प केलं होतं. आता माझी मुलगी तशी गेली होती. तिला नावसुद्धा नव्हतं. कुणीतरी तिला गार पाण्यात बुचकळलं, आणि ज्या पाण्यानं ती देवाची झाली असती ते पाणी तिला कुणी दिलं नाही. मी प्रार्थनेला बसायचे आणि एवढ्यावरच येऊन थांबायचे. ती तुझ्याकडं आहे का, एवढंच सांग. वरून विमान जायचं, भांडी वाजायची, बस. पुढं पुढं मी बसायचंही सोडलं. बायबल फळीवरून काढून ट्रंकेत ठेवलं. नवऱ्यानं ते बघितलं.

अशात एका सकाळी मालवणी बाई धापा टाकत आली. दार लोटलं, मला खाली बसवलं, माझा हात हातात घेतला.

"तुका सांगूक नको होता, पण सांगतंय," ती म्हणाली. "तुझ्या घोवाची मंडळी घाटकोपराक आसा. नळार माझ्या घोवाक त्यानं सवताच्या तोंडान सांगल्यान. रयवारी तिकडे जातलो म्हणता."

घोव म्हणजे नवरा हे माहीत असूनही मला आधी काही कळेना. मग कळलं. कारखान्यात जालन्याकडचा एक फिटर नवीन लागला होता. डबा उघडण्याआधी त्यानं डोळे मिटले, त्यावरून नवऱ्यानं त्याला ओळखलं, आणि त्या फिटरनं सांगितलं की घाटकोपरला एका शाळेच्या वर्गात रविवारी दुपारी मराठी उपासना होते. आम्ही ख्रिस्ती लोक अशा जमलेल्या विश्वासणाऱ्यांना मंडळी म्हणतो. बाकीच्या जगात मंडळी म्हणजे बायको. नवरा मला त्या रविवारी अचानक घेऊन जाणार होता, म्हणून मला बोलला नव्हता, आणि नळावर मात्र आनंदानं बोलून बसला, की आमची मंडळी घाटकोपरला सापडली.

मी हसायला लागले. किती महिन्यांनी हसत होते. मालवणी बाई घाबरली, तिला वाटलं धक्क्यानं डोकं फिरलं. हसता हसता मी रडायला लागले आणि मग ते रडणं थांबेना. तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं. नवऱ्याची बाजू तिला समजावून सांगायला मला अर्धा तास लागला, आणि तरी रविवारी आम्ही बसला निघालो तेव्हा ती दारात उभं राहून त्याच्याकडं संशयानंच बघत होती.

शाळेचा वर्ग चौथीचा असावा. बाकं बुटकी होती, गुडघे वर येत होते. फळ्यावर कुणीतरी पाढे लिहून ठेवले होते. टेबलावर पांढरा कपडा, एक बायबल, स्टीलच्या पेल्यात झेंडू. दारातच एका म्हाताऱ्यानं माझ्यापुढं हात केला आणि म्हणाला, "सलाम, बाई." आमच्याकडं भेटल्यावर असंच म्हणतात. अंधेरीत आल्यापासून तो शब्द मला कुणी म्हटला नव्हता. मी हात पुढं केला पण तोंडातून सलाम निघाला नाही.

ढोलकी होती, पेटी होती. सगळी गीतं माझ्या ओळखीची होती आणि मला एकही म्हणता आलं नाही. उपकार, दया, आनंद, त्या शब्दांशिवाय आमच्या गीतांत दुसरं काही नाही की काय असं मला त्या दिवशी वाटलं. माझा नवरा डोळे मिटून मोठ्यानं गात होता. मला त्याचा इतका राग आला की मी त्याच्यापासून सरकून बसले.

उपासना संपल्यावर लोक हलले नाहीत. चहा आला. बायका माझ्याभोवती जमल्या, गाव विचारलं, माहेर विचारलं, आणि मग मुलं किती हेही विचारलं. मी उठले आणि सरळ पाळकांपुढं जाऊन उभी राहिले. वाळकेसे, जाड चष्म्याचे, आठवडाभर कुठल्यातरी कचेरीत नोकरी करणारे गृहस्थ. मी विचारलं, बाप्तिस्म्याविना गेलेलं मूल कुठं जातं.

ते म्हणाले, देव दयाळू आहे.

"दयाळू आहे ते मला माहीत आहे," मी म्हणाले. "कुठं जातं ते सांगा."

पाळकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "मला ठाऊक नाही, बाई. मला आशा आहे. पण ठाऊक नाही."

नवऱ्याला वाटलं, झालं, आता ही परत येणार नाही. पण मी पुढच्या रविवारी गेले आणि त्याच्या पुढच्याही. गावाकडून आलेल्या प्रत्येक पत्रात देवाची इच्छा, देवाची इच्छा असं लिहिलेलं असायचं आणि मला ते पत्र चुलीत घालावंसं वाटायचं. मला ठाऊक नाही असं म्हणणारा हा पहिला माणूस होता. त्याच्यासमोर बसून मी निदान माझी गप्प राहायची प्रार्थना करू शकत होते. गाणं मात्र अजून येत नव्हतं.

पाळकीणबाई, म्हणजे पाळकांची बायको, त्यांच्याहून दुप्पट आकाराच्या होत्या. दम्याचा विकार, दोन पायऱ्या चढल्या की भिंतीला टेकायच्या. त्या मूळच्या वसईच्या, कॅथलिक घरातल्या. घरच्यांचा विरोध पत्करून त्यांनी या प्रॉटेस्टंट माणसाशी लग्न केलं होतं, आणि त्यावरून अजूनही त्या नवऱ्याला टोमणे मारायच्या. एक दिवस त्या एकट्याच बसनं अंधेरीला आल्या. घाम पुसत चटईवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मला प्रार्थना करायची घाई नाही. आधी सांग काय झालं ते. सुरुवातीपासून सांग."

मी सांगितलं. नळ, रिक्षा, लाऊडस्पीकर, तो पाय. न रडलेली मुलगी. मग ती सिस्टर, तिचा हात, आणि तिनं मुलीला अंघोळ घातली हे तिनंच कसं सांगितलं ते. सांगताना मी शिव्याही दिल्या. पाळकाच्या बायकोसमोर देऊ नयेत अशा.

त्या मध्येच थांबवून म्हणाल्या, "थांब. अंघोळ घातली म्हणाली, का स्नान दिलं म्हणाली?"

मी म्हणाले, दोन्ही एकच की.

"एक नाही. आठवून सांग."

"बाळाला स्नान दिलं आहे, आता भिऊ नका." मला आठवायची गरजच नव्हती. ते वाक्य रोज माझ्या कानात वाजत होतं.

पाळकीणबाईंनी तोंडावर हात धरला. मग त्या म्हणाल्या, "अगं पोरी. माझ्या माहेरी बाप्तिस्म्याला स्नान म्हणतात. स्नानसंस्कार. मूल जाणार असं दिसलं आणि फादरना बोलवायला वेळ नसला, तर नर्ससुद्धा देऊ शकते. तिनं अंघोळ नाही घातली. तिनं तुझ्या मुलीचा बाप्तिस्मा केला."

मला आनंद व्हायला हवा होता. वाचणाऱ्यालाही तसंच वाटेल. कुंपणाच्या कडेची जागा, बोरीचं झाड, सगळं एका शब्दानं पुसलं गेलं होतं. पण मला तसलं काहीही झालं नाही. मी पाळकीणबाईंना म्हणाले, तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय. त्या म्हणाल्या, मी खोटं बोलते असं वाटत असेल तर त्या सिस्टरला जाऊन विचार. मी म्हणाले, तुम्ही आता जा. आणि त्या गेल्या, भिंतीला धरत धरत, बसच्या रांगेत उभं राहायला.

त्या संध्याकाळी मी तांदूळ निवडत बसले आणि मला भीती वाटली, याआधी कधी वाटली नव्हती इतकी. इतके महिने माझ्याजवळ एक माणूस होतं, ज्याच्यावर मी सगळं टाकलं होतं. म्हाताऱ्या सिस्टरनं मारलं. ती बाजूला झाली आणि मागं कुणीच उरलं नाही, फक्त देव. आता भांडायचं तर त्याच्याशीच. मी सूप खाली ठेवलं आणि मोठ्यानं बोलायला लागले. तू नेलीस. तुला काय कमी होतं. पाणी देऊन नेलीस, म्हणजे मला बोलायलाही जागा ठेवली नाहीस. शेजारी ऐकू जात असणार. जाऊ दे म्हटलं. नवरा आला तेव्हा भाताचा पत्ता नव्हता आणि माझा आवाज बसला होता. त्याला मी शब्दाचं सगळं सांगितलं. तो ऐकून मोरीत गेला, तांब्यावर तांब्या ओतत राहिला, आणि बादली रिकामी होईपर्यंत बाहेर आला नाही. तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की तो इतके महिने माझ्यासमोर रडलाच नव्हता. त्यानंतर माझं बोलणं पुन्हा सुरू झालं, त्याच्याशीही आणि देवाशीही. दोघांशी भांडूनच बोलायचे, पण बोलायचे.

रविवारी पाळकीणबाईंनी मला आधी सलाम केला, जणू काही घडलंच नाही. पाळक म्हणाले, पाणी तेच आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा तेच, मंडळीच्या दृष्टीनं तुमची मुलगी आमच्यातली आहे. मला ते पटलं. तरी एक गोष्ट माझ्या मनातून हलत नव्हती आणि ती मी कुणाला बोलू शकत नव्हते, इतकी ती क्षुल्लक वाटत होती. स्नान म्हणा, बाप्तिस्मा म्हणा. पाणी तर तिच्यावर पडलंच होतं.

शेवटी मी प्रसूतिगृहात गेले. पाळकीणबाई सोबत आल्या, पण फाटकापाशीच बाकावर बसल्या, म्हणाल्या, तू जा, मला दम लागलाय. म्हातारी सिस्टर व्हरांड्यात स्टुलावर बसून धुतलेल्या दुपट्यांच्या घड्या घालत होती. मी नाव सांगितलं, ते तिला आठवलं नाही. मी गणपतीचे दिवस म्हणाले, सातव्या महिन्यातली मुलगी म्हणाले, तेव्हा तिनं घडी अर्धवट ठेवली आणि माझ्याकडं नीट बघितलं.

"तुम्ही झोपला होतात," ती म्हणाली. "विचारायला आले होते. पण समय नव्हता."

मी विचारलं, नाव काय दिलंत.

ती ओशाळली. "नाव मला माहीत नव्हतं. मी बाळ म्हणाले. बाळ, मी तुला स्नान देते, असं."

घरी मीही तिला बाळच म्हणत होते. दुसरं होतंच काय म्हणायला. मी मान हलवली. मग ज्यासाठी आले होते ते विचारलं.

"पाणी गार होतं का?"

मला वाटलं आता ही सांगेल, की कोमट केलं होतं, काळजी करू नका. कुणीही तेच सांगितलं असतं. तिनं दुपटं मांडीवर ठेवून त्याच्यावरून हात फिरवला.

"गार होतं," ती म्हणाली. "गरम करायला समय नव्हता. थोडंसंच, कपाळावर. गार लागलं, म्हणून ती रडली."

मी म्हणाले, ती रडली नाही. ती रडलीच नाही, मी ऐकत होते.

"रडली. एकदा. छोटा आवाज होता. बाहेर संगीत चाललं होतं, तुम्हाला ऐकू आलं नसेल." तिनं माझा हात धरला. "मी ऐकलं."

मी तिथंच व्हरांड्यात खाली बसले. ती म्हातारी माझ्यासोबत फरशीवर बसली. तिनं प्रार्थना केली नाही की धीराचा शब्द काढला नाही. कसं रडली, असं मी तिला विचारलं, पुन्हा पुन्हा विचारलं, आणि तिला ते सांगता येईना. तिच्या पुस्तकी मराठीत त्याला शब्द नव्हता, आणि माझ्याही मराठीत नव्हता. फाटकापासून पाळकीणबाई उठून येताना दिसल्या, भिंतीला धरत.

त्या रात्री मी मोरीत बसून तांब्याभर गार पाणी डोक्यावर ओतून घेतलं आणि जोरात ओरडले. मालवणी बाई भिंतीवर थापा मारून विचारत राहिली, काय झाला गो, काय झाला.

आता मंडळीला स्वतःची इमारत आहे, आणि पाळक आणि पाळकीणबाई दोघंही गेले. मला पुढं मुलगे झाले, त्यांचे बाप्तिस्मे तिथंच झाले. गाणं मला परत आलं, पण सगळी गीतं नाही. काही मी अजूनही तोंड मिटूनच ऐकते, आणि देवाला ते माहीत आहे. बाप्तिस्मा असला की मात्र मी पुढच्या बाकावर जाऊन बसते. नवे पाळक पाणी घालतात, गार लागून मूल किंचाळतं, आणि आई बिचारी शरमून त्याला थोपटायला लागते, तोंडात बोट देते. मी वाकून तिच्या कानात सांगते, थांब, गप्प करू नकोस, रडू दे त्याला.